अकरा उजळ पैसे

कुसुमताई गेल्या ती बातमी मला घरच्यांच्या आधी एका नाणेवाल्याने दिली. मी तेव्हा नागपूरला धाकट्या बहिणीकडे होते, दोन दिवसांसाठी म्हणून गेलेली. सकाळचे दहा वाजले असतील, मी मेथी निवडत होते. फोनवर धमतरीचे साहूजी. हे साहूजी म्हणजे ताईंचे वीस वर्षांपासूनचे नाण्यांचे सोबती, धमतरीला त्यांचं किराण्याचं दुकान आहे. ते एरवी मला फोन करत नाहीत. म्हणाले, "भाभी, आप आ जाइए. दीदी चली गईं." मेथीची जुडी हातातच राहिली माझ्या.

झालं होतं असं, की साहूजी त्या दिवशी पहिल्या बसने रायपूरला आले होते, ताईंना एक नाणं दाखवायला. ताईंनी त्यांना बसवलं, मेजावर हिरवं कापड अंथरलं, भिंग पुसलं. साहूजींनी नाणं कापडावर ठेवून हात मागे घेतला. आणि ताईंनी ते उचलायच्या आधीच खुर्चीत मान टाकली. माझा मुलगा नितीन सिलतऱ्याच्या कारखान्यात ड्यूटीवर निघायच्या तयारीत होता, तो त्यांना तसाच उचलून दवाखान्यात घेऊन गेला. पण काही उरलंच नव्हतं. साहूजी मात्र आमच्या घरीच बसून राहिले. दार उघडं, कपाट उघडं, ताईंचा सगळा संग्रह उघड्यावर, तर राखण करायला कोणीतरी पाहिजे म्हणून. मी संध्याकाळी गाडीने पोचले तेव्हाही ते त्याच खुर्चीत होते, पाणीसुद्धा प्यायले नव्हते. आणि त्यांचं नाणं त्या हिरव्या कापडावर तसंच पडलेलं.

याचा अर्थ सगळ्यांना कळायचा नाही, म्हणून सांगते. नाणेवाल्यांमध्ये नाणं कधी या हातातून त्या हातात देत नाहीत. एकाने ते कापडावर ठेवायचं, हात मागे घ्यायचा, मग दुसऱ्याने उचलायचं. पडलं, हरवलं तर कोणाच्या हातून, याचा वाद नको म्हणून. आणि एकदा दाखवायला ठेवलं की समोरच्याने पाहून परत ठेवेपर्यंत ठेवणाऱ्याने त्याला हात लावायचा नाही. साहूजींनी लावला नाही. शेवटी मीच ते उचललं, पाहिलं… डोळ्यांत पाणी, मला काय दिसणार… आणि परत कापडावर ठेवलं. तेव्हा त्यांनी ते खिशात घातलं आणि मग ते रडले.

ताई माझी थोरली नणंद. मी लग्न होऊन तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी आले तेव्हा त्या रायपूर स्टेशनावर बुकिंगच्या खिडकीत बसत होत्या. त्या काळात बाई तिकीट देते म्हणून खेड्यातली माणसं मुद्दाम त्यांच्या रांगेत लागायची, नुसती पाहायला. लग्न त्यांनी केलं नाही. काहून केलं नाही, हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "जमलं नाही, आणि मग आठवण राहिली नाही." झालं, विषय संपला. मी सातवी पास, खैरागडकडच्या खेड्यातली, आणि या मॅट्रिक झालेल्या, इस्त्रीच्या साडीतल्या नोकरीवाल्या. पहिलं वर्ष तर मी त्यांना घाबरूनच होते.

खिडकीत बसून बसून त्यांना नाण्यांचा नाद लागला. एखादं वेगळं नाणं गल्ल्यात आलं की त्या आपल्या पर्समधलं तेवढंच नाणं गल्ल्यात टाकून ते घरी आणायच्या. पण त्यांचा खरा जीव होता तो जुन्या तांब्यावर. गोलबाजारात एक म्हातारे कसेर होते, तांब्या-पितळेची मोडीची भांडी घ्यायचे. त्या मोडीत खेड्यापाड्यातून जुने पैसे यायचे, नागपूरकर भोसल्यांचं राज्य इकडे होतं तेव्हाचे. जाड, ओबडधोबड, काळे ठिक्कर, वरची अक्षरं अर्धी कापलेली. कसेर ते वितळवायला काढायचे आणि ताई पगाराच्या दिवशी जाऊन त्यातून निवडून आणायच्या. आणि ठेवायच्या कुठे, तर माझ्या स्वयंपाकघरात, बिस्किटाच्या डब्यांमध्ये, कारण तिथे ओल नव्हती. माझ्या डाळीच्या डब्यांना जागा नाही आणि यांचे पैसे आरामात. मी यांच्याजवळ, म्हणजे माझ्या यजमानांजवळ, पुष्कळ कुरकुर केली. ते हसायचे, म्हणायचे, लोकं पैसे घरात आणतात म्हणून बायका खूश होतात, तू पहिलीच.

मग हळूहळू त्यांनी मलाही त्यात ओढलं. दुपारी मी मोकळी असले आणि त्यांची ड्यूटी नसली की म्हणायच्या, "ये मंदा, बस. कडेनं धर, कडेनं. तोंडाले बोट नको लावू त्याच्या." नाण्याला त्या तोंड म्हणायच्या, पाठ म्हणायच्या. प्रत्येक नाण्याची एक चिठ्ठी असायची, कुठे मिळालं, कोणाकडून, कधी. नाणं दुसऱ्याकडे गेलं की त्याने त्याच चिठ्ठीवर खाली आपलं लिहायचं, आधीचं खोडायचं नाही. मी म्हणायचे, ताई, माणसाच्या कुंडलीत इतकं लिहीत नाहीत. त्या म्हणायच्या, म्हणूनच फसतात नं.

नवीन राज्य झालं. आमचं रायपूर एकदम राजधानी. रस्त्यावर लाल दिव्याच्या गाड्या, जिथे तिथे पाट्या, भाडी वाढली. तोवर नाणेवाल्यांचं संमेलन म्हटलं की नागपूरला नाही तर जबलपूरला जावं लागायचं. ताई रजा टाकून जायच्या, एकट्या, डबा घेऊन. राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली तेव्हा इथल्या पाच-पंधरा जणांनी ठरवलं, की आता राजधानी आपली आहे तर संमेलन आपलं का नको. एका समाजाचं मंगल कार्यालय ठरलं. प्रत्येकाने आपापलं काही मांडायचं. आणि दारातून आत आल्या आल्या पहिलं मेज ताईंना मिळालं. भोसल्यांचे चोवीस पैसे, सगळे आपल्याच मातीत सापडलेले. नागपूरहून या विषयातले एक म्हातारे जाणकार सर येणार होते. त्यांनी पाहून मान डोलावली तर संमेलनाच्या स्मरणिकेत ताईंचा लेख छापायचा, असंही ठरलं होतं.

ताईंना याची किती आस होती, ते मी पाहिलं आहे. एवढ्या वर्षांत संमेलनात गेल्या की लोक विचारायचे, "साहब नहीं आए?" म्हणजे संग्रह नवऱ्याचा आणि बाई नुसती पिशवी सांभाळायला, असंच धरून चालायचे. ताई हसण्यावारी न्यायच्या. पण घरी आल्यावर एकदा म्हणाल्या होत्या, "मंदा, एकदा तरी त्यांच्या छापील कागदावर माझं नाव पाहिजे. भावाचं नाही, बापाचं नाही. माझं."

आणि मी काय केलं, तर ते पैसे घासले.

हसा तुम्ही, मी पण आता हसते. संमेलनाला चार दिवस होते. ताईंनी ते चोवीस पैसे ताटात मांडून ठेवले होते आणि ड्यूटीवर गेल्या होत्या. मी देवाची भांडी काढली होती घासायला. चिंच भिजलेली, मीठ हाताशी. नजर त्या ताटावर गेली. म्हटलं, बाहेरगावचे मोठे लोक येणार, पहिलंच मेज आपलं, आणि हे असे काळे कोळशासारखे पैसे मांडणार? लग्नघरात कोणी काळी समई ठेवते का. ताईंना वेळ मिळाला नसेल, आपण करून टाकू, खूश होतील. बसले मोरीवर. एकेक पैसा घासला. काळं-हिरवं पाणी निघालं, आणि खालून तांबं असं लाल निघालं, की मी स्वतःवरच खूश. अक्षरंसुद्धा उठून दिसायला लागली. गाणं म्हणत होते मी, देवाशपथ.

ताई लवकर आल्या त्या दिवशी. मोरीच्या दारात उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "किती झाले?"

मी कौतुकाने म्हटलं, "अकरा. बाकीचे होतातच आता."

"राहू दे. बाकीच्याले हात नको लावू."

मग एकेक उचलून भिंगाखाली पाहिला त्यांनी. अकराव्यापर्यंत पाहिला. मग भिंग पदराने पुसून डबीत ठेवलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. मला काही कळेना. यांनी समजावलं तेव्हा कळलं, की तो काळा थर म्हणजे मळ नाही. दोनशे वर्षांत तांब्यावर चढलेली ती कातडी, नाण्याचं खरेपण तिच्यावरून ओळखतात. घासलेल्या नाण्याला ही मंडळी नाणं म्हणत नाहीत, तांब्याचा तुकडा म्हणतात. वीस वर्षांची निवड होती ती, आणि मी ती एका दुपारी चिंचेच्या पाण्यात धुतली होती… त्या दिवशी आमच्या घरात कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाणेवाल्यांच्या मंडळातले एक व्यापारी आले, काचेची पेटी घेऊन. त्यांनी ताट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पण लगेच खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "दीदी, चिंता मत करो. ये ग्यारह मुझे दे दो. एक दवा आती है, परसों सुबह तक काले करके ला दूँगा. नागपुर वाले सर क्या, कोई नहीं पहचानेगा." वरून हेही म्हणाले, की पहिलंच संमेलन आहे, असे पैसे मांडले तर बाहेरचे लोक आपल्या रायपूरवर हसतील.

मला तर देवच भेटल्यासारखं झालं. पण ताई म्हणाल्या, "नहीं पहचानेगा, भैया, मालूम है. पर हम तो पहचानेंगे न."

ते गेल्यावर मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. म्हटलं, ताई, देऊन टाका हो. चूक माझी, शिक्षा तुम्ही काहून भोगता? नाही तर ते अकरा काढून टाका, तेरा मांडा.

ताई म्हणाल्या, "तेरा मांडले तर ज्या गावचे हे अकरा, ती गावं नकाशातून जातात. आणि शिक्षा कोण भोगून राहिलं, मंदा? हे घासलेले आहेत. खोटे नाही आहेत. काळे करून मांडले तर मग खोटे होतील, आणि ते करणारी मी राहीन." मग एक पुठ्ठा कापून घेतला आणि आपल्या त्या वळणदार अक्षरात हिंदीत लिहायला बसल्या: हे अकरा पैसे चिंचेने घासले गेले आहेत, बाकीचे तेरा जसे मिळाले तसेच आहेत, दोन्हींतला फरक पाहा, आणि आपल्या घरी असं करू नका.

संमेलनाला मी जाणार नव्हते, तोंड कुठे होतं मला. ताईंनीच नेलं. म्हणाल्या, डबा कोण उचलेल? मी असलं काही आधी पाहिलं नव्हतं. एवढं मोठं कार्यालय, मेजांमागे मेजं, आणि सगळी माणसं भिंग डोळ्याला लावून वाकलेली. डॉक्टर, ऑटोवाला, सराफ, शाळेचे हेडमास्तर, सगळे एका बाकावर, आणि मोठा कोण तर ज्याला जास्त कळतं तो. एकमेकांना नावाने नाही, नाण्याने ओळखतात. कोणी एकआनावाले, कोणी नोटवाले. एक जयपूरवाले म्हणून ओळख करून दिली, तर मी विचारलं, भैया, तुमच्याकडे थंडी जास्त असेल नं. ते बिचारे दुर्गचे निघाले. जयपूरची नाणी जमवतात म्हणून जयपूरवाले.

आमच्या मेजापुढे गर्दी झाली, पण ती कशाची ते मला माहीत होतं. अकरा पैसे दिव्यासारखे चमकत होते. लोक पुठ्ठा वाचायचे, एकमेकांकडे पाहायचे. एकाने हसू दाबलं. नागपूरचे सर पण येऊन मागे उभे राहिले होते, पांढरी मिशी, हातात काठी. तेवढ्यात एक जाडसे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, किस मूर्ख का काम है ये? ताई शांतपणे म्हणाल्या, "हमारे घर में हुआ है." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. ते गृहस्थ म्हणाले, "नौकरानी ने किया होगा. इन लोगों के हाथ में कुछ देना नहीं चाहिए."

आमच्याकडे फुलबाई भांडी घासायची. पंधरा वर्षं होती. माझ्या डोळ्यांपुढे तीच आली. मी डबा खाली ठेवला आणि म्हटलं, "नौकरानी नहीं. मैंने किया. इमली से. नमक भी डाला था."

मग कोणीतरी हसलं, मग दोघं-चौघं. माझे कान तापले. पण ते साहूजी, तेव्हा आमची ओळखसुद्धा नव्हती, पुढे आले आणि म्हणाले, भाभी, मैंने तो दंतमंजन से किया था, चाँदी का था. दुसऱ्या कोणाच्या आईने शिकेकाईत उकळलं होतं. एका डॉक्टरांनी आम्लात बुडवलं होतं, अर्धं नाणंच विरघळलं. जयपूरवाल्यांनी तर रेतीने घासलेलं कबूल केलं. मी पाहतच राहिले. एवढ्या जाणत्या लोकांत एकही असा नव्हता, ज्याच्या घरी एक बिघडवलेलं नाणं लपवून ठेवलेलं नव्हतं. शेवटी ते जाडसे गृहस्थही म्हणाले, की त्यांनी लिंबू वापरलं होतं.

नागपूरच्या सरांनी काठी मेजाला टेकवली. आधी पुठ्ठा वाचला, मग तेरा पाहिले, मग अकरा. फार वेळ पाहिले. मग विचारलं, "हा संग्रह कोणाचा?" मराठीत विचारलं.

"माझा," ताई म्हणाल्या.

"बाई, पन्नास वर्षं झाली मला या कामात. घासलेलं नाणं काळं करून विकणारे ढिगाने पाहिले. घासलं असं लिहून मांडणारं आज पहिलं पाहिलं." एवढंच. पण ते त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, आणि मग खुर्ची मागवून ताईंच्या शेजारी बसले, कोणता पैसा कोणत्या गावचा, विचारत.

सगळ्यात चांगल्या मांडणीची ढाल ताईंना मिळाली नाही, एका मोगलवाल्याला मिळाली. पण स्मरणिकेत लेख आला. वर नाव: कुसुम… आणि आमचं आडनाव. बापाचं नाही, भावाचं नाही. ताईंनी तो अंक घरी आणला आणि माझ्या डाळीच्या डब्यांवर ठेवून दिला. मीच सातवी पास, बोट ठेवून ठेवून सगळा वाचला.

त्यानंतर सराफ्यात एक बोलणंच पडलं. कोणी जुनं नाणं विकायला आणलं की घेणारा विचारायचा, "दीदी ने देखा है?" दीदींनी खरं म्हटलं की खरं. त्यांनी कधी त्याबद्दल कोणाकडून चहाच्या वर काही घेतलं नाही. आणि पुढच्या वर्षीपासून आपल्या संमेलनात एक नवीन मेज लागायला लागलं, बिघडलेल्या नाण्यांचं. ज्याने त्याने आपलं नासवलेलं नाणं आणून मांडायचं, सोबत चिठ्ठी, कशाने नासलं ते. त्या मेजाशी दर वर्षी मी बसत आले. मला इमलीवाली भाभी म्हणतात. धमतरीपासून अंबिकापूरपर्यंत म्हणतात, आणि मला त्याचा अभिमान आहे, लाज नाही.

शेवटचं संमेलन मागच्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या नवा रायपूरला झालं. केवढे रस्ते बापा तिथले, आणि बस एक दिसेल तर शपथ. नितीनने गाडीने सोडलं. ताईंना आता उभं राहवत नव्हतं, तर त्या माझ्याच मेजाशी बसल्या. जो येईल तो आधी त्यांना वाकून नमस्कार करायचा. एक पोट्टी आली, कॉलेजातली असेल, आजीचा चांदीचा रुपया घेऊन. चकचकीत केलेला. कापडावर ठेवला, हात मागे घेतला, आणि रडवेली होऊन म्हणाली, "दीदी, इसका अब कुछ नहीं हो सकता?" ताईंनी तो कडेने उचलला, दोन्ही बाजूंनी पाहिला, परत ठेवला. म्हणाल्या, "होता है. लिखके रख दे कि क्या हुआ. बाकी काला तो वो अपने आप हो जाएगा, तेरे मेरे को टाइम नहीं है उतना, बस." पोट्टी हसली. मी पण हसले. परत येताना गाडीत ताई झोपून गेल्या होत्या, माझ्या खांद्यावर.

तेरवीला माणसं कुठून कुठून आली. बिलासपूर, राजनांदगाव, जबलपूर, नागपूर. नात्याचं कोणी नाही, सगळे नाण्याचे. नितीनचे ऑफिसवाले विचारत होते, आत्या कोण होत्या तुमच्या? तो म्हणाला, बुकिंग क्लार्क होत्या. आणि मग स्वतःच थांबून म्हणाला, नहीं, ऐसे नहीं बता सकता, बैठो.

ताईंनी सगळं आधीच लिहून ठेवलं होतं. तेरा काळे पैसे संग्रहालयाला. बाकी डबे मंडळाला, पोट्ट्या-पोट्टींना शिकायला. साहूजींनी यादी वाचली, मग कपाटातून एक लहान डबी काढली, हिरव्या कापडावर माझ्यापुढे ठेवली आणि हात मागे घेतला. मी उचलली. आत ते अकरा, प्रत्येक आपल्या कागदी पाकिटात, आपल्या चिठ्ठीसकट.

त्या चिठ्ठ्या मी वीस वर्षांत कधी उलटून पाहिल्या नव्हत्या, काहून पाहाव्या, माझाच गुन्हा. पुढच्या बाजूला गाव, कसेराचं नाव, साल. मागे त्यांच्या अक्षरात दोन ओळी. अकराही चिठ्ठ्यांवर त्याच दोन ओळी, एकही गाळलेली नाही.

"घासलं: मंदाने.
चारचौघांत उभं राहून सांगितलं: मंदाने."

आता सकाळचं काम आटोपलं की मी त्यांच्या खुर्चीत बसते. हिरवं कापड अंथरते, भिंग पुसते, पैसे एकेक काढते, कडेने. ते आता तेवढे लाल राहिले नाहीत. मधे उजळ आहेत, पण कडेकडेने, अक्षरांच्या खाचांमधून, तपकिरी सावली चढत आली आहे. कोणी औषध लावलं नाही, आपल्या आपण. चिठ्ठीवर नवीन मालकाने आधीचं न खोडता खाली आपलं लिहायचं असतं. मला पुष्कळ दिवस सुचेना काय लिहावं. परवा लिहिलं, अकराही चिठ्ठ्यांवर, माझ्या वाकड्या अक्षरात: "काळं होऊन राहिलं आहे."